साकेलारीचा वाटा

डार्विन, २४ मार्च २०१९

साकेलारी,

बाबांना जानेवारीच्या सोळा तारखेला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेले. फेब्रुवारीपासून ते समुद्राजवळच्या एका वृद्धनिवासात आहेत. तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून कालिम्नोस बेटावरच्या आपल्या जुन्या घराच्या पत्त्यावर लिहिते आहे. तू तिथे राहतोस आणि डोंगर चढायला येणाऱ्या लोकांना खोल्या देतोस, असं चर्चमध्ये कळलं. अकरा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आधी कामाचं लिहिते.

मुख्य अडचण गिळण्याची आहे. घशाची एक बाजू लुळी पडली आहे. पाणी, कॉफी असं पातळ काही प्यायले की त्यातलं थोडं श्वासनळीत जातं. आपल्याला असं झालं तर ठसका लागतो. बाबांना ठसकाच लागत नाही. गुपचूप आत उतरतं आणि दोन दिवसांनी ताप येतो. म्हणून त्यांचं पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट केलेलं असतं. जेवण वाटून, साच्यात घालून परत गाजराच्या किंवा माशाच्या आकाराचं करून देतात. बाबा म्हणाले, "हे गाजर नाही पोरी, गाजराचा पुतळा आहे. याला हार घाल."

पलंगाच्या वर एक पाटी लावली आहे. ताठ बसवा. चहाचा चमचा वापरा. एक घास गिळून झाल्यावरच दुसरा. गालात काही राहिलं का पाहा. नंतर दात आणि जीभ स्वच्छ करा. अर्धा तास आडवं करू नका. बाबांनी मला ती वाचून दाखवायला लावली आणि अजून स्पंजच्या बोटीवर पाणबुडे असल्यासारखं विचारलं, "कोणी लिहिलं हे? बोटीच्या मालकाने?"

मार्चच्या सुरुवातीला त्यांना न्यूमोनिया झाला. नऊ दिवस रुग्णालयात होते. कशाने झाला हे डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही.

तिथे त्यांच्या गिळण्याची तपासणी झाली. क्ष-किरणांखाली बसवून चमचा चमचा भरवतात आणि पडद्यावर पाहतात. ओर्ला नावाची मुलगी आहे, गिळण्याच्या त्रासावर उपचार करते. तिने मला पडदा दाखवला. घासाची काळी रेघ एका जागी थांबते आणि चुकीच्या वाटेला लागते. घट्ट केलेलंही थोडं जातं, पण कमी.

बाबांना घट्ट कॉफी चालत नाही. कपात चमचा उभा राहतो. "हिच्यावर विटा बसतील," म्हणतात आणि तोंड मिटून घेतात. दिवसभर एकच मागणं, आपली छोट्या ब्रिकीत उकळलेली कॉफी, नेहमीसारखी. ओर्ला म्हणाली की दुसरा एक मार्ग आहे. धोका आहे हे समजून, घरच्यांनी संमती दिली तर, तोंड स्वच्छ करून, ताठ बसवून, चमच्याने साधी कॉफी देता येईल. ते किती दिवस जगतील यापेक्षा कसे जगतील याचा विचार करायचा.

मी नाही म्हटलं.

तुला कळवणं माझं काम होतं, ते केलं.

थेमेलिना


डार्विन, ५ मे २०१९

साकेलारी,

तुझं कार्ड मिळालं. कड्यावर लोंबकळणारी बाई आणि मागे दोन शब्द, "जेवतो का?"

जेवतात, पण कमी. जानेवारीत एकाहत्तर किलो होते, आता त्रेसष्ट आहेत. दुपारचं जेवण मारिव्हिक नावाची बाई भरवते. ती फिलिपिन्सची. बाबांचं इंग्रजी झटक्यात गेलं, साठ वर्षांचं इंग्रजी एका सकाळी गेलं, फक्त ग्रीक राहिलं. मारिव्हिकला ग्रीक येत नाही. तरी दोघांचं मस्त जमतं. बाबा आपल्याला सांगायचे ना, पाण्याखाली कमरेच्या दोरीने बोलायचं, एकदा ओढली तर ठीक आहे, दोनदा ओढली तर वर घ्या. तसं ते डाव्या हाताने तिची बाही ओढतात. एकदा ओढली की ती दुसरा चमचा देते. दोनदा ओढली की ताट उचलते. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच समजलं. तिला ते कॅप्टन म्हणतात.

ती घाई करत नाही. घास दिला की त्यांच्या गळ्याच्या घाटीकडे बघत बसते. घाटी वर जाऊन खाली आली की मगच पुढचा. मी भरवते तेव्हा मला ते जमत नाही. मला वाटतं आता होईल, आता होईल, आणि मीच श्वास धरून बसते. एकदा मारिव्हिक म्हणाली, "ताई, तुम्ही श्वास घ्या. गिळायचं त्यांना आहे, तुम्हाला नाही."

ईस्टरला मी लाल अंडं नेलं, नुसतं हातात धरायला. त्यांनी ते माझ्या अंड्यावर आपटलं, माझं फुटलं, आणि त्यांनी विचारलं, "कॉफी कुठे आहे?" मी सांगितलं की कॉफी मिळणार नाही. म्हणाले, "वीस वाव खाली उतरून स्पंज काढले. तेव्हा समुद्र तोंडात शिरला नाही. आता चमच्यातल्या पाण्याला भिऊ?" मी पुन्हा समजावलं. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं. सांगितलेलं टिकत नाही. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं आहे की असले निर्णय त्यांना स्वतःला घेता येणार नाहीत.

ओर्लाने परवा परत विचारलं. मी सांगितलं, विचार चालू आहे.

इथे आता हवा कोरडी झाली आहे. रात्री पंखा लागत नाही.

थेमेलिना


डार्विन, १६ जून २०१९

साकेलारी,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, कारण सोबत एक कागद आहे आणि त्याला वेळ लावून चालणार नाही. कागदाबद्दल खाली लिहिते. आधी दुसरी गोष्ट.

मार्चमधला न्यूमोनिया कशाने झाला हे मला माहीत आहे. दोन मार्चला मृतांचा शनिवार होता. दरवर्षीप्रमाणे मी आईच्या नावाने कोलिवा केला. गहू शिजवले, बदाम, मनुका, डाळिंब, सगळं आईसारखं. चर्चमधून परत येताना थोडा बाबांकडे नेला. बायकोच्या नावाचा कोलिवा नवऱ्याने खायचा नाही, "देव तिला क्षमा करो" म्हणायचं नाही, हे मला बघवलं नसतं. अख्खे दाणे त्यांना चालणार नाहीत एवढं मला कळत होतं. म्हणून घरून मिक्सरमध्ये दळून नेला होता. मला वाटलं, दळलं म्हणजे झालं. पण तो कोरडा भुगा होता, वर पिठीसाखर. वाटून सरसरीत केलेल्या जेवणासारखा तो एकजीव होत नाही, घशात विखुरतो. हे मी कोणाला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. विचारलं नाही, कारण नाही म्हणतील हे माहीत होतं.

बाबा आरामखुर्चीत मागे रेललेले होते. मी त्यांना ताठ केलं नाही. तीन चमचे दिले. त्यांनी तीनही घेतले. ठसका लागला नाही, म्हणून मला बरंच वाटलं. सोमवारी ताप चढला. नर्सने विचारलं, बाहेरचं काही दिलं होतं का? मी नाही म्हणाले. ते रुग्णालयातून परतल्यावर आठवडाभर मारिव्हिकला दुसऱ्या कोणाच्या देखरेखीखाली भरवायला लावलं, तिच्याकडून काही चुकलं असेल म्हणून. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी सगळ्याला नाही म्हणते आहे. सगळ्यांना वाटतं, मी फार काळजी घेते.

आता कागद. सोबतचा संमतीचा आहे, साधी कॉफी द्यायची आणि पुन्हा रुग्णालयात न्यायचं नाही. बाबांना स्वतःला ठरवता आलं नाही तर त्यांच्या वतीने कोणी ठरवायचं, याचा दुसरा एक कागद त्यांनी आधीच करून ठेवला आहे. मार्चमध्ये निवासाने मागितला तेव्हा मी वकीलबाईंकडून आणला. त्यात दोन नावं आहेत. माझं आणि तुझं. दोघांपैकी कोणीही असं नाही, दोघांनी मिळून. तुझ्या सहीशिवाय माझ्या होकाराला किंमत नाही. खरं म्हणजे माझ्या नकारालाही नाही.

कागद कधीचा असेल असं तुला वाटतं? मला वाटलं आई गेली त्याच्या आधीचा. तारीख २०१५ ची आहे. म्हणजे तू निघून गेल्यावर सात वर्षांनी. मी वकीलबाईंना विचारलं की हे चुकून राहिलं का. त्या म्हणाल्या, "मीच तुमच्या बाबांना, मिकेसना, म्हटलं, मुलगा तिकडे, मुलगी इथे. एकटीचं नाव घाला, सोपं पडेल. तर टेबलावर हात आपटून म्हणाले, दोघांचं. निदान माझ्या मरणाच्या वेळी तरी एकमेकांशी बोलावं लागेल त्यांना."

हे मला मार्चपासून माहीत आहे. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं.

का लिहिलं नाही याची दोन कारणं आहेत. तुझी सही मागायची तर आधी कोलिवाचं सांगावं लागलं असतं. दुसरं कारण आणखी वाईट आहे. अकरा वर्षं मी दर रविवारी त्यांचं जेवण केलं, नखं कापली, चर्चला नेलं, आणि कागदावर तुझं नाव माझ्या नावाच्या ओळीतच, तेवढ्याच अक्षरात. मला ते सहन झालं नाही.

त्यात तीन महिने गेले. आता ते सत्तावन्न किलोंचे आहेत. घट्ट पाणी दिवसाला अर्धा कपही घेत नाहीत. ओर्ला म्हणते, साध्या कॉफीने धोका वाढेल, नक्की वाढेल, आणि नाही दिली तरी ते असेच वाळत जातील. दोन्ही बाजू तिने मला स्पष्ट सांगितल्या, गोड करून नाही. मी मारिव्हिकला आणि मोठ्या नर्सबाईंना काल सगळं सांगितलं. मारिव्हिक म्हणाली, "मला माहीत होतं ताई. त्यांच्या गालात बदामाचा कण होता. आमच्या स्वयंपाकघरात बदाम नसतात." तिने तो काढला होता, तोंड धुतलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं का नाही सांगितलंस. म्हणाली, "मग तुम्ही यायच्या थांबला असतात."

सोबतच्या कागदावर माझी सही केली आहे. तुला नाही म्हणायचं असेल तर तसं लिही, तोही तुझा हक्क आहे. पण उत्तर दे.

थेमेलिना


डार्विन, ४ जुलै २०१९

साकेलारी,

सही केलेला कागद मंगळवारी निवासाच्या ईमेलवर आला. खाली तू काही लिहिलं नाहीस, ते ठीक आहे.

काल सकाळी दहा वाजता दिली. तुला सगळं सांगते, कारण निम्मा निर्णय तुझा होता.

ब्रिकी मी घरून नेली, आईची, दांडा जळालेली. निवासाच्या छोट्या स्वयंपाकघरात कॉफी केली. त्याआधी मारिव्हिकने त्यांचे दात, जीभ, टाळू, सगळं नीट घासलं, कारण तोंडातली घाण कॉफीबरोबर छातीत उतरली तर तीच जास्त घातक. त्यांना खुर्चीत सरळ बसवलं, पाठीला उशी, पाय जमिनीवर. ओर्ला समोर बसली. कॉफी गाळून साका काढला, कोमट होऊ दिली. वासाने ते जागे झाले. म्हणजे जागे होतेच, पण डोळे उघडून खोलीत कोण कोण आहे ते पाहिलं.

चमचा मी धरला. ओर्ला म्हणाली, "हनुवटी थोडी खाली. आता द्या. आता थांबा." मी घाटीकडे पाहिलं. वर गेली, थांबली, खाली आली. त्यांनी माझी बाही एकदा ओढली.

माझी बाही त्यांनी आजवर कधी ओढली नव्हती.

पाच चमचे झाले. दुसऱ्यानंतर म्हणाले, "साखर कोणी घातली?" मी म्हटलं, "मी घातली बाबा. तुम्हाला मध्यम गोड लागते ना." म्हणाले, "तुझ्या आईला लागायची. मी पन्नास वर्षं तिच्यासाठी प्यायलो. मला बिनसाखरेची आवडते." ओर्लाने विचारलं काय म्हणतात, मी सांगितलं, ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. पाचव्यानंतर बाही दोनदा ओढली. मी कप खाली ठेवला. अर्धा तास त्यांना तसंच बसवून ठेवलं. समुद्राकडे बघत होते.

आज बिनसाखरेची नेली. चार चमचे.

थेमेलिना


डार्विन, १६ जुलै २०१९

साकेलारी,

टेलिग्रामसारखं लिहावं लागतं आहे, माफ कर. फोनवर तुझ्या शेजारणीला सांगितलं आहे, तिने तुला सांगितलं असेलच.

बाबा रविवारी पहाटे गेले. बुधवारी ताप आला होता. पुन्हा रुग्णालयात न्यायचं नाही हे आपण सही केलेल्या कागदात होतंच. औषधाने त्रास कमी केला. शनिवारपर्यंत ओठांना कॉफीत बुडवलेला कापूस लावत होतो. मी आणि मारिव्हिक दोघी होतो. शेवटी बाही ओढली का असं तुझ्या मनात येईल. नाही. हात माझ्या हातात होता, पण हलला नाही.

शुक्रवारी पुरणार आहोत, आईच्या शेजारी.

थेमेलिना


डार्विन, २४ ऑगस्ट २०१९

साकेलारी,

उद्या बाबांचे चाळीस दिवसांचे विधी आहेत. गहू शिजवून पंचावर सुकवले, कोलिवा कालवून झाला, वरची पिठीसाखर सकाळी, म्हणून आता लिहायला बसले.

तुझं पत्र आलं. या वेळी कार्ड नव्हतं, पत्र होतं. तू एकच प्रश्न विचारला आहेस, कॉफीने गेले का. मी तोच प्रश्न ओर्लाला विचारला होता. ती म्हणाली, "असू शकेल. त्यांच्याच लाळेनेही झालं असेल. कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही, आणि मी सांगितलं तर ते खोटं असेल." तेव्हा मलाही माहीत नाही. आठ दिवस कॉफी मिळाली. साडेतीन महिने मिळाली असती. की साडेतीन महिने आधीच गेले असते? याच्यापुढे माझी बुद्धी चालत नाही. सही दोघांची आहे. उशीर माझा एकटीचा आहे. तो तू वाटून घेऊ नकोस.

तू लिहिलं आहेस की त्यांच्या मनात तुझ्याबद्दल शेवटपर्यंत राग होता, कागद काही म्हणो. आईच्या चाळीसाव्याला सगळ्यांसमोर त्यांनी तुझ्यापुढून ताट ओढून घेतलं, "जो पुरायला आला नाही त्याच्या क्षमेची तिला गरज नाही" म्हणाले, ते तू विसरू शकत नाहीस. मी कशी विसरेन, ताट माझ्याच हातात दिलं होतं त्यांनी. आणि मी ते घेऊन आत गेले.

आता दोन मार्चबद्दल राहिलेलं सांगते. जूनमध्ये सगळं सांगितल्यासारखं लिहिलं, पण एक वाक्य ठेवून घेतलं होतं. तिसरा चमचा खाऊन झाल्यावर बाबा "देव तिला क्षमा करो" म्हणाले. मग डब्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "साकेलारीचा वाटा ठेवलास का?"

त्यांना काय आठवत होतं आणि काय विसरलं होतं, मला माहीत नाही. कदाचित त्यांना वाटत असेल तू आठ वर्षांचा आहेस आणि अंगणात आहेस. कदाचित तसं नसेलही. मी म्हटलं, "ठेवला आहे बाबा." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. वाटा ठेवला नव्हता. अकरा वर्षांत एकदाही ठेवला नव्हता.

मारिव्हिक उद्या चर्चला येणार आहे. कोलिवा कसा खायचा, काय म्हणायचं, ते विचारत होती. मी सांगितलं की मेलेल्याचं नाव घ्यायचं, देवाने क्षमा करावी म्हणायचं आणि खायचं. ती म्हणाली, "आणि जिवंत माणसांसाठी काय खाता?"

या वेळी तुझा वाटा आधी काढला. आईच्या निळ्या डब्यात घातला आहे, सध्या फ्रीजरमध्ये ठेवते, तिथे बरेच महिने टिकतो. पोस्टाने पाठवता येत नाही, चौकशी केली. एक चमचा बाबांच्या नावाने खा. मी मेले नाही, तरी एक माझ्या नावाने खा.

काही दळलेलं नाही. दाणे अख्खे आहेत. इथे येऊन चावून खावे लागतील.

थेमेलिना